दोन अक्षरांची आज्ञा

हिलाल नानांना स्वस्थ बसवत नाही, हे सगळ्या पिंप्राळ्याला ठाऊक. जळगावच्या तार ऑफिसात टेलिप्रिंटर बडवण्यात उमर गेली. तार बंद झाली, मागोमाग अर्धांगवायूचा झटका आला, आणि उजव्या हाताची दोनच बोटं कामाची उरली. त्या दोन बोटांनी दिवसभर खाट बडवत राहायचे. लेक किरण कॉम्प्युटर क्लास चालवते. तिच्यामागे धोशा एकच, मला काहीतरी काम दे.

शेवटी ती कंटाळली. क्लासात नेऊन कॉम्प्युटरवरच्या फायली एका कप्प्यातून दुसऱ्यात हलवायला शिकवलं. हलवण्याची आज्ञा म्हणजे 'मूव्ह'मधलं नुसतं एम आणि व्ही. एवढी तोकडी का, नानांनी विचारलं. ती म्हणाली, ही यंत्रणा पन्नासेक वर्षांपूर्वीची. बनवणारे टेलिप्रिंटरवरच काम करायचे. बटणं जड, छपाई संथ, मग अक्षरं वाचवायचे. नानांची कळी खुलली. अगं, लग्नाच्या शुभेच्छांची ओळ आपण तरी कुठं पूर्ण पाठवायचो? नुसता आकडा ठोकायचा, पलीकडचा बाबू ओळ लिहून घ्यायचा. म्हणजे ही तर आपल्याच जातकुळीची माणसं!

एकदा किरण धुळ्याला गेली आणि चाळीस पोरांचे परीक्षेचे पेपर निकालाच्या कप्प्यात हलवायचं काम नानांवर सोपवून गेली. नानांनी आज्ञा दिली. यंत्र गप्प. आता तारबाबूची खोड बघा, पोच आली नाही की तार पुन्हा ठोकायची. त्यांनी पुन्हा ठोकली, तर पडद्यावर आलं, अशी फाईलच नाही. नानांना वाटलं, सगळे पेपर गेले. पोरांचं नुकसान ते वेगळंच, पण आता किरण आपल्याला यंत्राला हात लावू देणार नाही, परत ती खाटच नशिबी. त्यांनी फोन लावला.

"किरण, बठ्ठं गयं."

"सगळं कुठं जाईल, नाना? आधी दुसऱ्या कप्प्यात बघा. काम झालं तर यंत्र बोलत नाही. बिघडलं तरच बोलतं."

त्यांनी कप्प्याची यादी दाखवणारं एल, एस दाबलं. चाळीसच्या चाळीस पेपर जागेवर.

संध्याकाळी किरण आली. उगाच घाबरून फोन केला म्हणून नाना बोलणी खायच्या तयारीत बसलेले. ती काही बोललीच नाही. क्लासची किल्ली त्यांच्या उशाशी ठेवली आणि चहा टाकायला आत गेली. 'उद्याही येऊ ना?' हे नानांच्या अगदी ओठावर आलं होतं.

पण त्यांनी विचारलं नाही. किल्ली खिशात टाकली.