दारावरचं नाव

व्हर्जिल टकेटसारखा खडूस माणूस आमच्या बेकर्सफिल्डमध्ये दुसरा नव्हता, पण शर्यतीची गाडी रंगवावी तर त्यानंच. लाल रंगावर पिवळ्याधमक ज्वाळा काढायचा आणि वरून लॅकरचे हात देऊन काचेसारखी चमक आणायचा. ड्रायव्हरचं नाव मात्र तो सगळ्यात शेवटी, लॅकरच्या वर, साध्या रंगानं लिहायचा.

नवा ड्रायव्हर डॉयल दारावरचं आपलं नाव बघून हरखला. म्हणाला, "काका, यावरही लॅकर मारा की. नाहीतर पुसलं जाईल."

"मागच्याच्या नावावर मारलं होतं," व्हर्जिल ब्रश पुसत म्हणाला. "इंजिन फुटून पोरगं जागेवर गेलं, दाराला साधा ओरखडा नाही. पण त्याचं नाव खरवडताना माझ्या ज्वाळांची पार वाट लागली."