आत्तीच्या पाटल्या आणि माझी शिकवणी

फसवणुकीपासून सावध कसं राहावं, हे शिकवताना माझी साखरपुड्याची अंगठी गेली.

तेव्हा बेळगावच्या आसपास दागिने उजळून देणाऱ्या भामट्यांनी उच्छाद मांडला होता. हळदीच्या पाण्यात दागिना बुडवायचा, वर झाकण ठेवायचं, घरच्या म्हातारीला पाणी आणायला आत पाठवायचं आणि पसार व्हायचं. माझी आत्ती, म्हणजे वडिलांची बहीण, बेळगुंदीला एकटीच राहायची आणि तिकडच्या बायकांसारखी 'येतो, जातो' असंच बोलायची. डोळ्यांत मोतीबिंदू, हातात नवऱ्याने केलेल्या दोन पाटल्या. मी नुकताच कारकून झालो होतो (म्हणजे जगाला शहाणं करण्याची जबाबदारी माझ्यावर आली होती). रविवारी सायकल काढली आणि तिला धडा द्यायला गेलो.

"ह्या गेल्या तर त्यांचं काय ऱ्हायलं रं माझ्याजवळ?" पाटल्या कुरवाळत आत्ती म्हणाली. "कसं फसिवत्यात ते करून दाव. पाटल्या न्हाय, तुझी अंगठी काढ."

मी वाटीत हळद कालवली, अंगठी टाकली, झाकण ठेवलं. "काहीतरी घेतल्याशिवाय भामटा उंबरा सोडत नाही. आता तो म्हणतो, आज्जी, तांब्याभर पाणी आणा."

"माझं गुडघं धरल्यात. तूच आण जा."

मी गेलो. (हो, गेलो!) परत येऊन बघतो तर वाटीत नुसती हळद.

"मला कळलं बघ," आत्ती गालात हसली. "तुला कवा कळणार? ऱ्हाऊ दे माझ्याजवळ. पुढच्या ऐतवारी न फसता दावलास तर देतो."

पुढच्या रविवारी ती उंबऱ्यावर बसली होती. पाटल्या हातात, चेहरा पडलेला.

"काल आलता रं त्यो."

"दार लावलं नाहीस?"

"लावाय गेलो, तर पाय घालून उभा ऱ्हायला. मग पाटल्या पदराआड घेतल्या. म्हटलं, आधी ही अंगठी उजळून दाव. पाणी आणतो म्हणून आत गेलो आणि लई येळ आतच बसलो."

"कशाला?"

"त्यो जाऊस्तवर. तूच म्हणालास न्हवं, कायतरी घेतल्याबिगर त्यो उंबरा सोडत न्हाय?"

रागवायचं ठरवलं होतं, पण त्या पाटल्यांकडे बघून ते जमेना. होणाऱ्या सासऱ्यांना मी सांगितलं, अंगठी विहिरीत पडली. आत्तीने साक्षही दिली.

पुढे बऱ्याच वर्षांनी, हात थरथरायला लागल्यावर तिने त्या पाटल्या माझ्या बायकोला घातल्या. म्हणाली, "मिरव पोरी. फकस्त ह्याच्या हातात देऊ नको."

आत्ती गेली. पाटल्या आजही घरात आहेत. कुठे आहेत, ते मला सांगितलेलं नाही.