तेल, पाणी, हवा, बत्ती, ब्रेक, ठोकळा

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी दोन वाजता ब्रेकचं पेडल पुन्हा तळाला गेलं. त्या आठवड्यातली ही तिसरी वेळ. मी ट्रकखालून बाहेर आलो, हात पुसले आणि पाना भिंतीवर फेकून मारला. बहात्तराव्या वर्षी माणसाने असं करू नये. पण केलं.

माझं नाव देवराव शेंडे. गाव आदिलाबाद जिल्ह्यात, गुडीहत्नूरच्या जवळ, हायवेपासून चार किलोमीटर आत. शेतात कापूस, ज्वारी आणि विहिरीपाशी थोडा भाजीपाला. अठरा वर्षं मी आर्मीत ड्रायव्हर होतो. नाईक म्हणून पेन्शनवर आलो. पुढे काही वर्षांनी आर्मीने लिलावात काढलेला एक थ्री टन ट्रक विकत घेतला. बरीच वर्षं त्यातून गावचा कापूस जिनिंगला नेला. नंतर तो गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभा राहिला.

गेली अकरा वर्षं मी तो ट्रक एका प्रवासासाठी तयार करत होतो. रस्ता ठरलेला होता: किनवट, नांदेड, लातूर, सोलापूर आणि तिथून साताऱ्याच्या माण तालुक्यातलं एक गाव. ताशी तीस धरले तर तीन दिवस. डिझेल कुठे भरायचं, मुक्काम कुठे करायचा, सगळं वहीत लिहिलेलं. वही अकरा वर्षांत दोनदा बदलली. ट्रक गुडीहत्नूरच्या पलीकडे गेला नाही.

पहिल्या वर्षी रेडिएटर गळला. मग क्लच गेला. मग टायर. या मापाचे टायर मिळेपर्यंत बॅटरी मेली. बॅटरी आली तेव्हा उंदरांनी वायरिंग खाल्लेलं होतं. कागदांसाठी गाड्यांच्या ऑफिसात गेलो, तर खिडकीतल्या पोराने कागद दोन बोटांनी उचलून पाहिले. "ताता," तो म्हणाला. तेलुगूत ताता म्हणजे आजोबा. "ताता, इस गाडी को फिटनेस कौन देता? स्क्रॅप में डालो, आराम करो." मी तीन वेळा गेलो. तिसऱ्या वेळी तो उभा राहून बोलला, एवढाच फरक पडला.

आमचे मिस्त्री बाबूमिया. माझ्याच वयाचे. गाडीखाली शिरले की बोलणं थांबत नाही.

"फौजी साब, ये गाडी सरहद तक जाती थी बोलते. अब मेरी दुकान तक नै आती."

"ब्रेक में हवा है, बाबूमिया. हवा निकालो."

"हवा तो निकालतूँ. रबर कां से लाऊँ? इसका रबर बनाने वाले भी अल्ला को प्यारे हो गए."

घरी कमलाची वेगळी तऱ्हा. ती माझी बायको. चाळीसच्या वर वर्षं माझ्यासोबत आहे, त्यामुळे आवाज चढवायची तिला गरज पडत नाही.

"लगीन माह्यासंगं लावलं अन् नांदून राह्यले ट्रकसंगं," ती शेजारणीला सांगायची, मला ऐकू जाईल अशा बेताने.

"काम आहे," मी म्हणायचो.

"कायचं काम? काऊन जाचं आहे तिकडं, थे तं सांगा."

एका जुन्या जोडीदाराच्या घरी, एवढंच मी सांगत आलो. ते खरं होतं. पण पूर्ण नव्हतं.

आता पूर्ण सांगतो.

मी सत्तावीस वर्षांचा होतो. आमची कंपनी उत्तरेकडच्या डोंगरात होती. उन्हाळ्यात रस्ता उघडला की पुढच्या चौक्यांसाठी रेशन आणि केरोसीन चढवायचं. वीस ते पंचवीस गाड्यांचा कॉन्व्हॉय. रोज चारला उठणं, साडेपाचला फर्स्ट परेड, सहाला पहिली गाडी हलणार. फर्स्ट परेड म्हणजे गाड्या हलण्याआधीची तपासणी. सगळे ड्रायव्हर आपापल्या बंपरसमोर उभे राहतात. हवालदार एकेक नाव मोठ्याने घेतो आणि प्रत्येकाने आपली गाडी पाहून उत्तर द्यायचं.

"तेल?" "ठीक." "पाणी?" "ठीक." "हवा?" "ठीक." "बत्ती?" "ठीक." "ब्रेक?" "ठीक." "ठोकळा?" "ठीक."

ठोकळा म्हणजे लाकडाचा त्रिकोणी तुकडा. टेलबोर्डखाली, म्हणजे गाडीच्या मागच्या फळीखाली, हुकाला अडकवलेला असतो. चढावर गाडी थांबली की को-ड्रायव्हरने उडी मारायची, ठोकळा काढायचा आणि मागच्या चाकाखाली सारायचा. मग बाकीचं सगळं. त्या उंचीवर इंजिन केव्हाही मरतं आणि हँडब्रेकवर कोणी विश्वास ठेवत नाही.

माझा को-ड्रायव्हर महादेव खरात. माण तालुक्यातला. चोवीस वर्षांचा, उंच, गालावर देवीचे वण. मला उस्ताद म्हणायचा. त्याच्या गावात पाण्याची फार टंचाई होती आणि त्याचं बोलणं फिरून फिरून पाण्यावर यायचं.

"उस्ताद, पेन्शन बसली की लिलावात असलाच थ्री टन घेनार बघा. मागं टाकी बशिवनार. गावात पानी वाटत हिंडनार."

"अन् पाणी कुठून आणशील?"

"तुमच्या आदिलाबादला लई पाऊस हाय म्हनता न्हवं? तितनं."

"तीन दिवस लागतील पोचायले."

"लागूद्या. बायका थांबत्यात पान्यासाटी. लई सवय हाय त्यास्नी."

त्या दिवशी आम्ही एका ट्रान्झिट कॅम्पातून निघणार होतो. पहाटे पाच वाजता माझ्या गाडीचं इंजिन फिरेना. थंडीने इंजिनाच्या तळातलं, सम्पमधलं तेल घट्ट झालं होतं. असं झालं की डब्यात विस्तव करून इंजिनखाली ठेवायचा, ही तिथली रोजची पद्धत. पण आदल्या दिवशीच्या बर्फाने कॅम्पातलं सरपण भिजलं होतं. डिझेलचा बोळा पेटायचा आणि विझायचा. महादेव लंगरवर चहा आणायला गेला होता. बाकीच्या गाड्यांची इंजिनं एकामागून एक सुरू होत होती. सुभेदार साहेब दोनदा येऊन ओरडून गेले होते.

मी टेलबोर्डखालचा ठोकळा काढला. कोरडा होता. कुऱ्हाडीने चार तुकडे केले, डिझेलमध्ये बुडवले आणि डब्यात टाकले. लाकूडच तर आहे, पुढच्या कॅम्पात दुसरा मिळेल, असं मनाशी म्हटलं. वीस मिनिटांत तेल सैल झालं.

साडेपाचला फर्स्ट परेड झाली. महादेव माझ्या डाव्या हाताला चहाचा मग धरून उभा होता. हवालदाराने विचारलं, "ठोकळा?" मी म्हणालो, "ठीक."

महादेवाने मागे जाऊन पाहिलं नाही. उस्तादाने ठीक म्हटल्यावर को-ड्रायव्हरने पुन्हा पाहायचं नसतं.

साडेनऊला घाटाच्या वरच्या टप्प्यात कॉन्व्हॉय थांबला. आमच्या पुढच्या गाडीत हवालदार होता आणि त्याच्याजवळ रेडिओ सेट. आवाज माझ्यापर्यंत येत होता.

"पुढे दरड. सगळ्या गाड्या हॉल्ट. ओव्हर."

"किती वेळ? ओव्हर."

"दहा मिनिटं. आउट."

मी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला. महादेव उडी मारून मागे धावला. पाच सेकंदांनी त्याचा आवाज आला.

"उस्ताद, ठोकळा कुटं हाय?"

मी खिडकीतून म्हणालो, "दगड लाव."

त्याने दगड लावला. वर येऊन बसला नाही. दगडाखाली बर्फ होता म्हणून त्याचा विश्वास बसत नसावा. तो दुसरा दगड शोधत होता.

नऊ अडतीसला हुकूम आला, मूव्ह. मी गिअर टाकला, हँडब्रेक सोडला, क्लच सोडू लागलो आणि इंजिन बंद पडलं. गाडी मागे सरकली. मी पेडलवर उभा राहिलो. चाकं थांबली, पण गाडी बर्फावरून घसरत राहिली. दगड निसटल्याचा आवाज मी ऐकला. गाडी मागच्या बाजूने डोंगराच्या भिंतीला टेकली आणि थांबली. टेलबोर्ड थोडा वाकला. बाकी काही नुकसान नाही.

महादेव दुसरा दगड हातात घेऊन भिंत आणि टेलबोर्ड यांच्यामध्ये होता. नऊ चाळीसला तो गेला.

मागच्या गाडीचा ड्रायव्हर धावत आला आणि त्याने स्वतःचा ठोकळा माझ्या चाकाखाली सारला. ऑफिसर आले तेव्हा तो ठोकळा तिथेच होता. सगळ्यांनी तो माझ्या गाडीचाच धरला, त्या ड्रायव्हरला कोणी विचारलं नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला सात प्रश्न विचारले. त्यातले दोन सांगतो.

"ठोकळा गाडीत होता?"

"होता, साहेब."

"मग दगड का लावला?"

"को-ड्रायव्हरने घाई केली, साहेब."

मी खाली सही केली. महादेवाचा मृत्यू त्याच्याच निष्काळजीपणामुळे झाला असं लिहिलं गेलं. मला पुढच्या महिन्यात दुसरी गाडी मिळाली.

इतकी वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही. अकरा वर्षांपूर्वी माजी सैनिकांच्या एका मेळाव्यात माणचा एक जण भेटला. बोलता बोलता महादेवाचं नाव निघालं. तो म्हणाला, गावच्या शाळेच्या भिंतीवर ड्युटीवर मरण पावलेल्या जवानांची नावं कोरली आहेत, महादेवाचं नाही. स्वतःच्या चुकीने मेला त्याचं नाव कसं घालायचं, असं लोक म्हणाले. बायको अजून आहे. तीच गोष्ट ऐकत म्हातारी झाली.

घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी ट्रकवरची ताडपत्री काढली. वाटलं, तसाच थ्री टन घेऊन त्याच्या दारात जाऊन उभं राहावं आणि मग सांगावं. अकरा वर्षं रबर, टायर, बॅटरी आणि कागद यांच्यावर चिडत राहिलो. दर वर्षी बाभळीचा एक नवा ठोकळा मात्र तासला. तो कधी अडला नाही. एकाच्या जागी अकरा झाले. शेडच्या भिंतीला ओळीने लावून ठेवले होते.

पाना फेकला त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ठरलेल्या निघायच्या दिवशी, सकाळी सहाला मी शेडमध्ये गेलो. डिसेंबर होता. आमच्याकडे तेव्हा तोंडातून वाफ निघते. ओळीत दहाच ठोकळे होते.

अंगणात कमला आंघोळीचं पाणी तापवत बसली होती. अकरावा ठोकळा चुलीत होता. अर्धा जळलेला.

मी हाताने तो बाहेर ओढला. बोटं भाजली. मी तिला जे बोललो ते इथे लिहीत नाही. तसं मी तिला कधी बोललो नव्हतो. शेजारची माणसं कुंपणापाशी आली.

ती घाबरली नाही. माझ्या हातावर पाणी ओतत म्हणाली, "लाकूडच तं आहे. दहा पडले तिथं. मेलं का कोनी?"

मी तिथेच चुलीजवळ बसलो आणि तिला सगळं सांगितलं. पाणी उकळून अर्धं झालं. मधे तिने एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर विचारलं, "थिले सांगाले ट्रक कायले पायजे?"

मी जळका ठोकळा उचलून बाजूला ठेवला.

"अकरा वर्सं थ्या ट्रकचे ब्रेक दुरुस्त करून राह्यले तुमी. ब्रेक तं तुमालेच लागून होता. नांदेडले बस जाते. उठा. मी येतो संगं."

नऊ वाजता आम्ही फाट्यावर उभे होतो. ट्रक शेडमध्ये राहिला. जाताना सवयीने त्याच्या चाकांखाली ठोकळे सारले. एक पिशवीत घेतला. तीन बसगाड्या, एक टेम्पो आणि एक रात्र नातलगाकडे काढून आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी माणमधल्या त्या गावात पोचलो. तीन दिवस धरले होते, दीड लागला.

महादेवाची बायको, शांताबाई, ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिचा मुलगा शिक्षक, शाळेतून नुकताच घरी आलेला. वडील गेले तेव्हा तो रांगत होता. मी उभ्यानेच सांगितलं. ठोकळा मी जाळला, ठीक मी म्हणालो, इन्क्वायरीत खोटं मी बोललो. मुलगा उठला, माझ्यासमोर आला. मारील असं वाटलं. मारलं नाही. आत निघून गेला आणि आम्ही होतो तोवर बाहेर आला नाही.

शांताबाईंनी शेंगा फोडणं थांबवलं नव्हतं.

"म्या म्हनत हुते समद्यास्नी," त्या म्हणाल्या. "त्यो बैलगाडी सोडली तरी चाकाला धोंडा लावल्याबिगार पानी प्याला न्हाई कवा. त्येच्याच हातनं आसं कसं हुईल? कुनी आईकलं न्हाई."

मग माझ्याकडे पाहिलं.

"सासू ह्येच डोस्क्यात घिऊन गेली. पोरगं चुकार म्हनून गेलं म्हनायची. तवा यायचं हुतं."

कमलाने पिशवीतून ठोकळा काढून ओसरीच्या कडेला ठेवला. शांताबाईंनी तो हातात घेतला, उलटून पाहिला. नंतर ओसरीचं दार वाऱ्याने आपटत होतं, तिथे पायाने सारला. दार थांबलं.

जे तिथे सांगितलं तेच कागदावर लिहून, सही करून मी आर्मीच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवलं आहे. एक प्रत शाळेच्या हेडमास्तरांना दिली. ते काय करतील ते त्यांच्या हातात आहे. अजून उत्तर नाही. मी दर आठवड्याला पत्र टाकतो.

ट्रक भंगारात देणार आहे. बाबूमिया म्हणाले, "अब ब्रेक ठीक हुआ तो बेच रहे?" त्यांना कुठूनसं रबर मिळालं होतं.

शाळेच्या भिंतीवर लिहायचं झालं तर असं लिहावं, अशी माझी विनंती आहे. ड्रायव्हर महादेव खरात. वय चोवीस. सकाळी नऊ चाळीसला, घाटात, ड्युटीवर.

आणि भिंतीवर मावणार नाही ते इथे लिहितो. त्याने नियमाप्रमाणे ठोकळा मागितला होता. गाडीत ठोकळा नव्हता. मी जाळला होता.