डावभर पेज

आमच्याकडे सकाळी दहाच्या सुमाराला वाटेत कोणी भेटलं, की "पेज जेवलास?" असं विचारतात. बरं चाललंय ना, एवढाच त्याचा अर्थ.

आईला मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं. "भात कमी करा. एका वेळी एक डाव, बरोबर भाजी, आमटी, मासळी. आणि गोळी घेतल्यावर उपाशी राहू नका." आईने ते आमच्या गावच्या पद्धतीने ऐकलं. दुपारचा भात एका डावावर आणला. पण सकाळची उकड्या तांदळाची वाडगाभर पेज, संध्याकाळचे तांदळाचे घावणे, मधली आंबोळी, यातलं काहीच हललं नाही. मी बोलले की फणकारायची, "भात खंय खातंय मी? पेज ता काय जेवाण न्हय!" उभा गाव रोज पेज 'जेवतो', पण साखर मोजायची वेळ आली की ते जेवण नसतं.

हळूहळू मीच तिला वळणावर आणलं. वाडगा लहान केला, पेजेबरोबर कुळथाची उसळ नाहीतर सुकट द्यायला लागले, घावणे आठवड्यातून एकदाच. साखर उतरायला लागली होती. मग चतुर्थीला मुंबईहून दादा आला.

भात-चपाती सोडून त्याने पोट उतरवलं होतं, आणि नव्याने माळ घातलेल्या माणसासारखा तो भेटेल त्याला उपदेश करत होता. कार्ब्स म्हणजे विष, हे पालुपद. मोदक मात्र प्रसाद म्हणून चालले. जाण्याआधी त्याने तांदळाचा डबा उचलून शेजारी देऊन टाकला. आईने उकडलेली अंडी, काकडी आणि त्याने आणलेले बदाम खायचे, असं ठरलं. डॉक्टरांना कोणी विचारलं नाही. गोळ्या होत्या तेवढ्याच राहिल्या.

रोज सकाळी तो व्हिडिओ कॉल करून आईची ताटली बघायचा. एकदा तिने चाचरत विचारलं, "डावभर पेज जेवू काय रे? गोळी घेतल्यार हात थरथरतत."

"आये, त्यापेक्षा साखरेचो डबोच उघड!" म्हणून तो हसला. आईही हसली. ओशाळून. त्यानंतर तिने पेज मागितली नाही.

मी फोन हातात घेऊन म्हटलं, गोळी तीच आणि खाणं बंद, हे बरं नव्हे. "तू शाळा शिकव," तो म्हणाला. मी जामसंड्याला मुलांना शिकवते, तेव्हा माझी अक्कल तेवढ्यापुरतीच. आईला डॉक्टरांकडे चल म्हणून किती विनवलं. "दिवाळेक झिल येतलो, तेच्यावांगडा जातंय. तेका माझी काळजी आसा." काळजी तिच्या लेकालाच होती. मी नुसती घरात होते.

दिवाळीआधी भातकापणी आली. आई गोळी घेऊन, एक अंडं खाऊन खळ्यावर गेली. भाताचा भारा उचलताना तिला दरदरून घाम फुटला आणि ती तिथेच कोसळली. शेजारच्या काकीने ओळखलं, तोंडात साखर घातली, तशी आई शुद्धीवर आली. पण खुब्याचं हाड मोडलं होतं. वर्षभराच्या भाताच्या राशीशेजारी माझी आई उपाशीपोटी पडली, हे मी कोणाला सांगू?

डॉक्टर संतापले. "गोळी रक्तातली साखर खाली ओढते. पोटात काही पिठूळ नसेल तर साखर भरून कुठून येणार? मी कमी करा म्हटलं होतं. बंद करा कोणी सांगितलं?" दादा तेव्हा पोहोचला होता. तो मोबाईलमध्ये बघत राहिला.

आई पुन्हा उभी राहिली नाही. अंथरुणात मी तिला डॉक्टरांनी सांगितलेली डावभर पेज भरवायची, तर चमचा तोंडाशी नेल्यावर ती आधी फोनकडे बघायची, चालू आहे का म्हणून. पावसाळ्यापूर्वी छातीत कफ भरला आणि ती गेली. "वयच झाल्ला," दादा सगळ्यांना सांगत होता. माझा राग तेव्हाही होता, आजही आहे.

वर्ष सरल्यावर पितृपक्षात तिचा पहिला म्हाळ केला. दादा मुंबईहून भारीतला वासाचा तांदूळ घेऊन आला. आईच्या नावाचं केळीचं पान मांडलं, वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर वाढली. मी भाताचा एक डाव घातला आणि थांबले.

"इतकोच? आवशीक घालतंस मा? हात मोकळो सोड."

"आवशीन एकच डाव मागल्यान, दादा."

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या हातातला डाव काढून घेतला आणि पानावर शीग लावून भात वाढला.