फटफटीची टाकी

विदर्भ मुंबई राज्यात होता, त्या तीन-चार वर्षांतली ही गोष्ट. मी घाटंजीला एका जिनिंगमध्ये फिटर होतो. उन्हाळ्याच्या तोंडी कापसाचा हंगाम संपायचा, यंत्रं थांबायची आणि माझ्या हातांना काही काम उरायचं नाही. सरकीच्या गोदामामागे एक जुनी फटफटी पडून होती. लढाईच्या काळातली, लष्कराने लिलावात काढलेली. रस्त्याचं काम करणाऱ्या कुठल्याशा ठेकेदाराने ती आणली होती, आणि बंद पडल्यावर तिथेच टाकून तो निघून गेला होता. मॅनेजरला विचारलं तर तो म्हणाला, "घेऊन जा बाबा ती घाण. इंचू-साप निघते तिच्याखालून."

ती घरी आणली एका बैलबंडीवाल्याने. तो जवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडलेले. हा मात्र तांड्यालगतची कोरडवाहू जमीन कसायचा आणि हंगामात जिनिंगला कापसाच्या बंड्या आणायचा. वयाने मोठा म्हणून मी त्याला मामा म्हणायचो. तो मला मिस्त्री म्हणायचा. आम्ही दोघांनी ते धूड बंडीवर चढवलं तेव्हा सायलेन्सरमधून उंदराची पाच-सहा गुलाबी पिलं त्याच्या पायावर पडली.

"थू! मिस्त्री, हे तुले कायले पायजे रे?" तो म्हणाला. पण घरापर्यंत आला, आणि उतरवूनही दिली.

घराच्या बाजूला टिनाचं छप्पर होतं, तिथे मी दोन महिने तिच्यामागे लागलो. कोंबड्यांनी वर्षानुवर्षं तिच्यावर बसून काढलेली. त्यांच्या विष्ठेचा थर मी खुरपीने खरवडला. टाकीचं झाकण नव्हतं. आत हात घातला तर बोटांना काहीतरी लिबलिबीत लागलं. ओढून काढलं, तो एक कुजलेला बेडूक. तळाशी तपकिरी चिखल. गोट्या नि घासलेट घालून ती टाकी मी रोज घुसळायचो. पिस्टन अडकलेला, वरून एरंडेल ओतून आठवडाभर ठेवला. कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत मातकट कीट बसलेलं, ते मी तोंडाने फुंकून, चोखून काढलं. उंदराच्या मुताचा वास माझ्या कपड्यांना, केसांना, शेवटी भाकरीलासुद्धा यायला लागला. बायको ताट पुढे सरकवून लांब बसायची. मला मात्र कशाचीच किळस वाटत नव्हती. उलट मजा येत होती.

मागच्या सीटसाठी बायकोने आमच्याच जिनिंगच्या रुईची गादी शिवली आणि मी यवतमाळहून लाल कातडं आणून ती मढवली. एका सकाळी पंचवीस-तीस किका मारल्यावर फटफटी खोकली, काळा धूर ओकली आणि चालू झाली. आळीतली कुत्री पळाली. बायको दारात उभी राहून हसली. बाभुळगावच्या बाजूला तिचं माहेर होतं; पहिली चक्कर तिकडेच मारायची, असं आमचं ठरलं. मी टाकीला नवं झाकण बसवलं आणि ती गळ्यापर्यंत भरून ठेवली.

त्यानंतर दोनच दिवसांनी, उन्हं चढत असताना, मामा बंडी पळवत आला. अंगात सदरा नव्हता.

"मिस्त्री, माह्या बुढ्या मायले हैजा झाला. पहाटपासून ओकून राह्यली. अंग थंडं पडून राह्यलं. कंपौंडर म्हणते यवतमाळले न्या, सलाईन तिथंच भेटते. सकायची मोटर तं गेली. तू नेतं का फटफटीवर? मी तिले मधात धरून बसतो."

बंडी माझ्या दाराशीच उभी होती. म्हातारी आत आडवी होती. लुगडं भिजलेलं, तोंडाला माश्या, ओठांच्या कडेला पांढरं पाणी. तो वास माझ्यापर्यंत आला. मी त्या लाल गादीकडे पाहिलं. हे सगळं त्या गादीवर येणार, माझ्या पाठीवर येणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

"मामा," मी म्हणालो, "टाकीत थेंबभर पेट्रोल नाही."

त्याने एकदा फटफटीकडे पाहिलं. "बरं," म्हणाला, आणि बैलांकडे वळला.

बायकोने सगळं ऐकलं होतं. ती आत गेली, साखर-मिठाचं पाणी घातलेली कळशी आणि दोन जुनी लुगडी घेऊन आली आणि बंडीत चढली. म्हातारीला तांड्यावर सगळे याडी, म्हणजे आई, म्हणत. बायकोने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "याडी, घोटभर पाणी घे." तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बंडी निघाली.

बायको दोन दिवसांनी परत आली. वाटेत लाकडाचा एक ट्रक भेटला, त्याने त्यांना दवाखान्यात पोचवलं, म्हातारी वाचली, एवढं तिने सांगितलं. मग अंगणात बसून हात धुताना म्हणाली, "सडका बेंडूक हातानं काहाडला तुमी. तवा किळस नाही वाटली?"

मला स्वतःचीच शिसारी आली होती. माझं तोंड, माझे हात, सगळंच नकोसं झालं होतं.

आठेक दिवसांनी मामा आला. हातात बुचाची मोठी बाटली.

"पेट्रोल हाय," तो म्हणाला. "म्हातारीले आणाले गेलतो यवतमाळले, तं आणलं. तुह्यापाशी नोतं ना त्या दिवशी. अडीनडीले असलं पायजे घरात."

"राहू दे मामा, ठेव तिथं," मी म्हणालो.

"ठेवतो कायले, टाकतो ना." मी उठून पोचेपर्यंत त्याने टाकीचं झाकण फिरवलं होतं आणि बाटली कलती केली होती. पेट्रोल आत गेलं नाही. काठावरून ओसंडलं आणि लाल गादीवर शिंतोडे उडवत त्याच्या पायांवर सांडलं. त्याने बाटली सरळ केली आणि वाकून टाकीत पाहिलं. मी नुकतंच भरलं, असं मला म्हणता आलं असतं. ते खोटं जिभेवर तयारही होतं. दारात बायको उभी होती.

त्याने सावकाश झाकण लावलं. पाय मातीत घासून पुसले. बाटलीला बूच बसवून ती पायरीवर ठेवली.

"भरेलच हाय," तो म्हणाला, आणि गेला.

फटफटीवर बायको कधीच बसली नाही. माहेरी ती मोटारीने जायची. मी वर्षभर फटफटी जिनिंगला नेली. किक मारताना पेट्रोलचा भपकारा आला की मला उमळून यायचं. शेवटी राजूरच्या खाणीवरच्या एका फिटरला देऊन टाकली. तो ती घेऊन गेला तेव्हा मी बाहेरही आलो नाही.

याडी पुढे दर बाजाराच्या दिवशी आमच्या घरी यायची. बायकोशी तासभर बोलत बसायची, जाताना मूठभर ओल्या शेंगा ठेवून जायची. तिला त्या दिवसाचं काही सांगितलं गेलं नसावं. ती माझीही विचारपूस करायची आणि मी काहीतरी निमित्त काढून मागच्या दाराने बाहेर पडायचो.

मामाही येत राहिला, हंगामात, जिनिंगवर. कापसाच्या बंड्या लावायचा, रामराम करायचा, चेहऱ्यावर राग नाही की काही नाही. फक्त मला तो 'तू' म्हणायचा बंद झाला. "मिस्त्री, तुमी जरा बाजूले व्हा, बैल बुजते," असं म्हणायचा.