चाळीस बैठकांचा नेम

पोलिसांच्या नोकरीत प्रेतं पुष्कळ पाहिली, पण शेलूबाजारची ती घटना आजही विसरता येत नाही.

मानोरा तालुक्यातल्या एका शेतकरी घरातली सहा वर्षांची स्वमग्न मुलगी. दवाखान्यात नेताना आईच्या मांडीवर, जीपमध्येच झटके येऊन गेली. ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली. दोन दिवसांनी एका औषध दुकानदाराने मला बाजूला घेतलं. झटक्यांच्या गोळ्या नेणारी तीन घरं एकाएकी यायची बंद झाली होती, त्यांत हेही घर होतं. तिन्ही घरची मुलं शेलूबाजारातल्या ‘लहरी केंद्रा’त जात. गिऱ्हाईक तुटलं की दुकानदार कुरकुरतोच, पण हा माणूस घाबरलेला होता.

केंद्रात मुलांच्या कानाला हेडफोन आणि डोळ्यांवर लुकलुकत्या दिव्यांचा चष्मा लावत. त्याने मेंदूच्या लहरी जाग्या होऊन मूल बोलू लागतं, असा दावा. चालक मोठा गोडबोल्या. गोळ्या बंद करा असं मी कुणालाच सांगितलं नाही, यावर तो दोन तास ठाम राहिला. शेवटी पंचांसमक्ष टेबलाचा खण उघडला. आत गोळ्यांची पाकिटं, प्रत्येकावर एकेका मुलाचं नाव. मग तो बोलला. चाळीस बैठका होईपर्यंत गोळी सोडायची, पाकीट केंद्रात जमा करायचं. मध्ये खाल्ली तर पुन्हा पहिल्यापासून. नवसासाठी गोड सोडावं तसं लोकांनी औषध सोडलं होतं. मला वाटलं, प्रकरण उलगडलं.

मग आईचा जबाब घेतला. ती म्हणाली, “तेहतिसाव्या बैठकीले तिनं मले माय म्हटलं, साहेब. सहा वर्सात पहिल्यांदा. मंग गोळी कशी देऊ? त्यायनं नाही, म्याच बंद केली.”

तुला फसवलं गेलं, असं परोपरीने समजावलं. ती हलेना. बोलणाऱ्याच्याच शब्दांत जबाब लिहायचा ही माझी शिस्त, तसाच लिहिला. जामिनाच्या वेळी आरोपीच्या वकिलाने नेमका तोच कागद वाचून दाखवला. केंद्राचा चालक जामिनावर सुटला. माझ्या शिस्तीचा मला त्या दिवशी संताप आला.

आठवड्याने ती ठाण्यात आली. जाब विचारायला आली असेल, असं समजून मी मान खाली घातली.

“साहेब,” ती म्हणाली, “मले काहून नाही पकडलं?”

फसणारा माणूस मुळात लोभी असतो, असं मी शिपायांना बेधडक सांगत असे. त्या दिवसानंतर ते सांगणं सोडलं.