घराने न ओळखलेला माणूस

मी मालवाहू जहाजावर खलाशी आहे. उडणाऱ्या माणसांचे सिनेमे पाहिले की माझं डोकं उठतं. पण जहाज ग्रीसच्या बंदरात माल उतरवत होतं आणि मेसमध्ये पोरांनी तसलाच एक लावला होता. त्यातल्या खलनायकाला ग्रीसच्या जुन्या देवांनी शाप दिला होता, की तुझ्या घरचं कुणी तुला ओळखणार नाही. तो स्वतःच्याच दारात उभा राहून 'मी आहे, मी' म्हणत होता आणि सुपरहिरो त्याला बदडत होते. पोरं टाळ्या वाजवत होती. मी उठून बाहेर गेलो. घर सोडून दहा महिने झाले होते. निघालो तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती, आणि अलीकडे व्हिडिओ कॉलवर ती माझ्याकडे बघायचीच नाही.

रत्नागिरीला घरी पोचलो तेव्हा आईने चिऱ्याच्या पायरीवरच थांबवलं. लांबून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकल्याशिवाय ती कुणाला आत घेत नाही. एरवी मी या प्रकारावर चिडतो. त्या दिवशी मान खाली घालून उभा राहिलो, आणि सांगायला लाज वाटते, पण मनातल्या मनात त्या ग्रीसच्या देवांचीही माफी मागितली.

"वाटेत काय चिकटलं असेल ते उतरू दे," म्हणत आईने तुकडा ओवाळून लांब फेकला.

मी हात पुढे केले. मुलगी माझ्या आईच्या पातळाआड सरकली.

"आजी," ती हळूच म्हणाली, "अजून एकदा ओवाळ."